पडवीतलं इंग्रजी

मार्चमधली गोष्ट. आमच्या वाडीतल्या रिक्षावाल्या दादांनी दोन परदेशी पाहुण्यांना जयगडच्या किल्ल्यापाशी भर उन्हात पाऊण तास उभं करून ठेवलं. त्यात त्यांची चूक म्हणाल तर एवढीच, की माणूस चांगल्या वळणाचा. भाडं घेतलं, रिक्षा वळवली आणि निघताना हात जोडून म्हणाले, "आय कम." आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. तेच यांनी इंग्रजीत म्हटलं. पाहुण्यांना वाटलं, हा कुठेतरी जाऊन परत येतोय. बिचारे थांबले. शेवटी कोल्हापूरच्या एका कुटुंबाने त्यांना गाडीत घेतलं आणि गणपतीपुळ्याला सोडलं. ही हकीकत किल्ल्यावरून चहाच्या टपरीवर आली, टपरीवरून दादांकडे, आणि दादा ती घेऊन माझ्या पडवीत आले.

"बाई, मग म्हणायचं तरी काय? आय गो? तोंडातून निघत नाही हो."

मी म्हटलं, 'बाय' म्हणा. आता ते मोठ्याने 'बाय' म्हणतात आणि पाठोपाठ तोंडातल्या तोंडात 'येतो' म्हणतात. मला दोन्ही चालतं.

मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. राहते मालगुंडच्या जवळ, म्हणजे केशवसुतांच्या शेजारात. केशवसुत सगळ्यांना ठाऊक असतात; पण त्यांचेच भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली मराठीचं जाडजूड शास्त्रीय व्याकरण लिहिलं, हे स्मारक बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मला आपलं उगाच वाटतं, आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यातच थोडं व्याकरण आहे. पोस्टमनसुद्धा माझ्याशी शुद्धलेखनावरून वाद घालतो.

संध्याकाळी सहा ते साडेसात माझ्या पडवीत वर्ग असतो. फी नाही. कुणी शहाळं आणून ठेवतं, कुणी चार बांगडे. एरवी पाच-सहाच डोकी असतात, पण १ जूनला मासेमारी बंद झाली की पडवी भरते. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या, जाळी विणून किती वेळ विणणार, मग बायका नवऱ्यांना हाकलतात: जा, बाईंकडे जाऊन बसा जरा. ३१ जुलैला बंदी उठते आणि माझा वर्ग फुटतो.

या ६१ दिवसांवरच मी 'सिन्स' आणि 'फॉर' शिकवते. मराठी माणूस हमखास म्हणतो, "आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स." कारण आपण म्हणतो, 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो.' 'दहा वर्षांपासून' आणि '१ जूनपासून', आपल्याला एकच 'पासून' पुरतं. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं तर 'सिन्स' आणि किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. सिन्स फर्स्ट जून. फॉर सिक्स्टी-वन डेज. शिवाय आपण तिथे साधा वर्तमानकाळ वापरतो, 'राहतो'. त्यांना 'हॅव' लागतं, 'आय हॅव लिव्ह्ड' नाहीतर 'आय हॅव बीन लिव्हिंग'.

यासाठी मी एक युक्ती काढली होती. जिथे मराठीत 'गेली' लावता येतं तिथे 'फॉर': गेली दहा वर्षं, गेले तीन दिवस. युक्तीवर मी फार खूष होते. दोन बॅचेस ती चालली. तिसऱ्या वर्षी जाळं विणता विणता एका खलाशाने मान वर न करताच विचारलं, "बाई, गेल्या सोमवारपासून म्हणतो ना आपण? मग फॉर मंडे?" संपली युक्ती. आता मी सांगते, बोटांवर मोजता येतं ते 'फॉर', आणि कालनिर्णयवर बोट ठेवता येतं ते 'सिन्स'. हिच्यातलं भोक अजून कुणी शोधलेलं नाही.

एक गोष्ट मला नोकरीत असताना कळायला हवी होती, ती निवृत्तीनंतर कळली. चुकीच्या इंग्रजी वाक्याच्या पोटात बहुतेक वेळा एक अगदी शुद्ध मराठी वाक्य असतं. 'माय हेड इज पेनिंग' म्हणणाऱ्याचं डोकं खरंच दुखत असतं आणि 'दुखतंय' हे त्याचं क्रियापद बरोबरच असतं. इंग्रजीत 'माय हेड हर्ट्स' किंवा 'आय हॅव अ हेडेक'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे मात्र मराठीने शिकवलेलं नाही, ते आम्हा मास्तर-मास्तरणींचं पाप. चालू वर्तमानकाळ आम्ही इतका घोकून घेतला, की मुलांना प्रत्येक क्रियापदाला 'आयएनजी'चं शेपूट लावल्याशिवाय ते उघडं वाटायला लागलं. भाऊ असणं ही काही चालू असलेली क्रिया नव्हे. ते आहेत, भांडण झालं तरी आहेत. आय हॅव टू ब्रदर्स.

नोकरीत असताना मी हे पोटातलं वाक्य बघत नव्हते. मी लाल पेन बघत होते. दहावीच्या वर्गात एक मुलगा होता, बाप मासेमारीला जाणारा. त्याने 'माझा अविस्मरणीय प्रवास' या निबंधात वादळात सापडलेल्या होडीचं वर्णन केलं होतं. अडीच पानं. मी त्यात ४३ ठिकाणी लाल केलं आणि आकडा वर गोल करून लिहिला. पुढच्या निबंधात त्याने सहा ओळी लिहिल्या. सहाही निर्दोष. 'आय लाइक ट्रॅव्हलिंग. ट्रॅव्हलिंग इज गुड.' मी त्याला 'गुड इम्प्रूव्हमेंट' असा शेरा दिला. तो शेरा आठवला की अजून मला कानकोंडं होतं. त्या वादळात पुढे काय झालं, होडी किनाऱ्याला कुठे लागली, हेही मी कधी विचारलं नाही.

तो मुलगा पुढे बोटीवर लागला. मालवाहू जहाजावर डेकला असतो. मध्यंतरी त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला: "बाई, इथे 'द'बिद कुणी विचारत नाही. पण आकडे चुकले तर खैर नाही." मग त्याने सांगितलं आणि मी नंतर वाचूनही काढलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा एक संच मंजूर केला. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला सारखे लागतात, म्हणून पंधरा म्हणायचे तर 'वन-फाइव्ह'. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्द टाळायचे, कारण त्यात परवानगी विचारली की शक्यता सांगितली, हे कळत नाही. मी वर्गात 'मे आय कम इन' पाठ करून घेण्यात पंचवीस-तीस जूनमहिने घालवले, आणि जहाजावर नेमका तो 'मे' नको आहे! तिथे सरळ विचारायचं: मला आत यायला परवानगी आहे का?

त्या संचातला मला सगळ्यात आवडलेला नियम उत्तराचा आहे. नुसतं 'येस' म्हणून थांबायचं नाही, पुढे पूर्ण वाक्य म्हणायचं. 'नो'चंही तेच.

हे वाचलं आणि मला आमच्या वाडीतल्या वहिनी आठवल्या. त्यांच्याकडे तीन खोल्या आणि घरगुती खानावळ आहे. एका पाहुण्याने फोनवर विचारलं, "डोंट यू हॅव हॉट वॉटर?" वहिनींकडे तेव्हा गीझर बिघडलेला. त्या म्हणाल्या, "येस." म्हणजे काय, तर 'हो, बरोबर बोललात, नाहीये.' मराठीत नकारार्थी प्रश्नाला आपण समोरच्याच्या म्हणण्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. "जेवला नाहीस?" "हो, नाही जेवलो." इंग्रजीत 'येस' म्हटलं की गोष्ट आहे, 'नो' म्हटलं की नाही, समोरच्याने कसं विचारलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाहुणा आला तो गरम पाण्याच्या आशेने. वहिनींनी त्याला चुलीवर हंडा तापवून दिला आणि जाताना त्याने चुलीवरच्या पाण्याचं इतकं कौतुक केलं, की आता गीझर दुरुस्त झाला तरी त्या हंडा चढवतात. पण दर वेळी असा निभाव लागायचा नाही. जहाजावर "व्हॉल्व्ह बंद केला नाहीस?" याला नुसतं 'येस' ऐकून कुणी काय समजेल, याचा विचार करा. तेव्हापासून माझ्या पडवीत सक्ती आहे. येस, वुइ हॅव. नो, वुइ डोंट हॅव. एकट्या 'येस'ला माझ्याकडे पाट मिळत नाही.

अनेकवचनाचं प्रकरण मी पटकन उरकते, कारण तिथे नियम कमी आणि सवय जास्त. मराठीत केस गळतात, पोहे भिजतात, तांदूळ निवडले जातात, पैसे संपतात, सगळं अनेकवचनी. इंग्रजीत डोक्यावरचं सगळं रान म्हणजे एकच 'हेअर'. 'हेअर्स' म्हटलं की सुटे दोन-चार केस, तेही भातात सापडलेले. 'अ‍ॅडव्हाइस', 'लगेज', 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' यांना 'एस' लागत नाही. आणि आंबेवाल्यांनो, 'फाइव्ह डझन्स मँगोज' नव्हे, 'फाइव्ह डझन मँगोज'. आकडा पुढे आला की डझन वाढत नाही. पेटीत आंबे पाच डझनच भरा म्हणजे झालं. मागच्या वर्षी मला मिळालेल्या पेटीत अठ्ठावन्न निघाले होते.

'ही गो', 'शी गो' या चुकीचा मला पूर्वी राग यायचा, आता नवल वाटतं. आपल्या 'जा' धातूचा साधा वर्तमानकाळ काढून बघा: जातो, जाते, जातोस, जातेस, जातं, जाता, जातात. सात रूपं. बोलणारा पुरुष की बाई, एक की अनेक, सगळं बघून आपण बरोबर रूप काढतो, चार वर्षांचं पोर काढतं. इंग्रजीत दोनच, 'गो' आणि 'गोज'. सात सांभाळणारा माणूस दोनात का अडखळतो? माझं मत असं, की तो 'स' फारच बारीक आहे. वाक्यात त्याच्यावाचून काही अडत नाही. 'ही' आधीच सांगून गेलेला असतो की कोण जातंय, मग शेपटाकडे लक्ष कुणाचं जाणार? यावर उपाय म्हणून मी तो 'स' मोठ्याने, साप फुसकारल्यासारखा म्हणायला लावते. पडवीतून फुसफुस ऐकू आली की शेजारचा कुत्रा भुंकतो.

'डिड यू वेंट' मात्र मी सोडत नाही. तिथे भूतकाळाचं ओझं दोघांच्या डोक्यावर दिलं जातं. मी सांगते, लाकडाची मोळी एकच आहे. 'डिड'ने ती डोक्यावर घेतली की क्रियापद हात हलवत चालायला मोकळं: डिड यू गो. 'ही डझंट गोज' हेही तसंच. 'डझ'ने 'स' उचलला, आता 'गो'ला कशाला? मोळी वाहिलेल्या बायकांना हे एका फटक्यात कळतं. शहरातून सुट्टीला आलेल्या माझ्या नातवाला मोळी म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं.

नर्सिंगला जायचं म्हणून येणारी एक मुलगी आहे. ती लिहिते, 'माय फादर आर फिशरमन. दे गेट अप अ‍ॅट थ्री.' मी म्हटलं, अगं, वडील एकच ना? "हो बाई, पण वडिलांना 'ही' कसं म्हणायचं? हा नि तो?" तिच्या मनातलं वाक्य 'माझे वडील पहाटे तीनला उठतात' हेच होतं, आणि त्या 'उठतात'मधला मान तिला टाकवत नव्हता. तिला समजावलं, की इंग्रजीत 'ही'मध्ये अपमान नाही, राजालाही 'ही'च. तिने 'माय फादर इज' असं दुरुस्त केलं. पण वाचून दाखवताना 'ही' आला की आवाज खाली जातो. जाऊ दे. दवाखान्यात पेशंटबद्दल बोलताना 'दे' म्हणाली तर एक पेशंट की चार हा घोटाळा होईल, म्हणून दुरुस्ती केली. नाहीतर ही चूक मला मनापासून गोड वाटते.

आता 'द'. मराठीत हा प्राणीच नाही, त्यामुळे लोक तो एक तर सगळीकडे पेरतात नाहीतर कुठेच नाही. मी गोष्टीपासून सुरुवात करते. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या.' पहिला राजा 'अ किंग', कारण अजून ओळख नाही. दुसऱ्यांदा 'द किंग', कारण आता आपल्या दोघांनाही माहीत आहे कुठला ते. गावाला 'द' नाही, रत्नागिरी नुसतीच रत्नागिरी. नदीला आहे, म्हणून जयगडला समुद्राला मिळते ती 'द शास्त्री'. इथवर ठीक चालतं. मग येतो समुद्र.

समुद्र एकच, म्हणून 'द सी'. पण 'ही गोज टू द सी' म्हणजे तो समुद्रावर जातो. फिरायला, पाय भिजवायला, भेळ खायला. आणि 'ही गोज टू सी' म्हणजे तो दर्यावर जातो, खलाशी आहे, त्याचं पोट त्यावर आहे. एका 'द'ने पर्यटक आणि खलाशी वेगळे होतात. पर्यटकाला 'द' लागतो, खलाशाला नाही. शाळेचंही असंच, शिकायला जातो तो 'गोज टू स्कूल', आणि मुलाचा दाखला आणायला जाणारा बाप 'गोज टू द स्कूल'. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा पडवीतली खलाशी मंडळी एकमेकांकडे बघून हसली. 'द' नसलेले आम्ही, असं एक जण म्हणालासुद्धा.

सगळ्याच दुरुस्त्या मी जिंकते असं समजू नका. वहिनींच्या पाटीवर 'होमली फूड' लिहिलंय. मी त्यांना म्हटलं, अमेरिकेत 'होमली' म्हणजे दिसायला सुमार, 'होम-कुक्ड' लिहा. त्या म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे अमेरिकेचं कोण येतंय? पुण्या-मुंबईचे लोक 'होमली' बघूनच गाडी थांबवतात. ते तुमचं दुसरं लिहिलं तर त्यांना वाटेल महाग असेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटी तशीच आहे आणि जेवण उत्तम. 'प्रीपोन'चंही असंच, आपल्याकडे रुजलेला शब्द, आता ऑक्सफर्डच्या कोशातही बसला आहे. तो मी कधीच चूक धरत नाही.

आणि माझं स्वतःचं? ३१ वर्षं मी मुलांना 'कोप अप विथ' शिकवलं. दोन वर्षांपूर्वी लेकीने फोनवर सहज सांगितलं, "आई, त्यात 'अप' नसतं गं, नुसतं 'कोप विथ'." मी कोश काढला. नव्हतं. किती मुलांच्या वह्यांत मी ते 'अप' लाल पेनने घातलं असेल, हिशेब नको. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये.

यंदाच्या जूनमध्ये वर्गाला एक नवीन बाई यायला लागल्या. साठीच्या पुढच्या, मासे विकून उभं आयुष्य गेलेलं. त्या बोटीवरच्या मुलाच्या आई. मुलगा व्हिडिओ कॉल करतो तेव्हा त्याचे जहाजावरचे सोबती मध्ये येऊन 'हॅलो मदर' म्हणतात, त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून येतात. मी त्यांना विचारलं, त्या वादळात होडी कुठे लागली होती हो? त्यांना आधी संदर्भच लागेना. मग म्हणाल्या, "ती होय? जयगडच्या खाडीत शिरली, म्हणून तर वाचले." एवढ्या वर्षांनी मला त्या निबंधाचा शेवट कळला.

गेल्या गुरुवारी प्रत्येकाने घरच्या माणसाबद्दल एक वाक्य म्हणायचं होतं. पाऊस कोसळत होता, कौलांवरच्या आवाजात काही ऐकू येईना. त्यांची पाळी आली तशा त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि कोळणीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय सन गोज टू सी."

'गोज'मधला 'स' आणि 'टू सी'. एकही चूक नाही. मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, शाब्बास, परवाचं लक्षात राहिलं तुमच्या! खलाशाला 'द' नाही!

त्या जीभ चावून खाली बसल्या.

"नाही हो बाई, 'द' घालायला विसरले मी."